पाठ आत, तोंड बाहेर

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात सातव्या दिवशी सकाळी केलेले भाषण. बोललो तसेच उतरवून घेतले आहे.)

मला सांगितलं होतं की महाराज, दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला. पण ते जुन्या मंडळींनी चांगलं सांगितलं. माझं शिक्षण चवथी, मी कास्तकार माणूस. मी आज फक्त रस्त्याबद्दल बोलतो. वारी म्हणजे चालणं, आन् चालायचं म्हटलं की रस्ता आलाच. आपल्या पंज्यांनी पताका खांद्यावर घेतली तेव्हा पायाखाली बैलबंडीची चाकोरी होती. आज कोहमाऱ्यावर उभे राहा, नागपूर-रायपूरच्या हायवेवर ट्रकामागं ट्रक. रस्ता बदलला, तं रस्त्यावर वागायची रीतही शिकावी लागते.

२९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. धान कापून झाले होते, बांधीत पुंजने लागले होते. दुपारी बातमी आली. भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी शिवशाही गाडी सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावन टोल्याजवळ उलटली. अकरा जीव गेले, कितीतरी जखमी झाले. जवळपासचे लोक हातचं काम टाकून धावले, लोकांना बाहेर काढलं. त्यांचे उपकार आपण विसरायचे नाहीत.

पण त्याच संध्याकाळी माझ्या घरी काय झालं ते सांगतो. मी शेतातून आलो. माझा नातू, नऊ वर्षांचा, पडवीत मोबाईल घेऊन बसला होता. कोणीतरी तिथचा व्हिडिओ पाठवला होता. कोणाकडून आला, कोणाला गेला, काही पत्ता नाही. लेकरानं तो पाहिला. मला पाहून रडला नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "आबाजी, ते काकाजी झोपले आहेत का?"

मी म्हणलं, "हो, झोपले." आन् मोबाईल घेतला. झालं, माझ्याकडून एवढंच झालं. पुढचे पंधरा दिवस पोरगा एस.टी.त बसायला तयार नव्हता. रातच्याला दचकून उठे. आन् एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. मी घरात दुपारचा झोपलो की तो हळूच येऊन मला हलवून पाहे. काऊन? मीच त्याला सांगितलं होतं ना, ते झोपले म्हणून! माझ्या खोट्यानं लेकराला झोपेचीच भीती लागली.

शेवटी सूनबाईनं त्याला मांडीवर घेतलं आन् खरं सांगितलं. "बाळा, ते वारले. गाडी उलटली, त्यांना फार लागलं. आबाजी झोपतात ती झोप वेगळी." पोरगा मोकळेपणानं रडला आन् त्या दिवसापासून निवळत गेला. चवथी शिकलेला मी, घरात माझ्यापेक्षा सून शहाणी निघाली.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या चुकीची आहे आन् वीणेसमोर उभा राहून सांगतो.

पुष्कळ वर्षं झाली. एका गावी तेरवीचं कीर्तन होतं. त्या आठवड्यात जवळच्या रस्त्यावर एक ट्रॉली उलटून दोघंजण गेले होते. मी देहाच्या नाशिवंतपणावर बोलून राहिलो होतो. लोकांना हलवून टाकावं म्हणून तो अपघात घेतला. जे पाहिलं होतं ते सांगितलं, आन् न पाहिलेलंही जोडलं. मंडप चिडीचूप. मला वाटलं, आज कीर्तन रंगलं. तेवढ्यात मागून एक बाई उठली, तोंडात पदर धरला आन् चालती झाली. नंतर कळलं, गेलेल्यातला एक तिचा भाऊ. घरच्यांनी तिला तो कसा गेला हे सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं, ध्वनिक्षेपकावरून!

त्या बाईच्या घरी जाऊन मी पाया पडलो. ती काहीच बोलली नाही, पाणी दिलं. ते पाणी आजही गळ्याखाली उतरत नाही. तवापासून कीर्तनात मी मरण सांगतो, पण मेलेल्याची दशा सांगत नाही.

यावर मला एका भाविकानं अडवलं होतं. म्हणे, "महाराज, तुम्हीच सांगता की देह जाणार. मंग पाहू द्या ना लोकांना. भीती वाटली तं गाडी हळू चालवतील."

प्रश्न बरोबर आहे, उत्तर दिलं पाहिजे. आपण लेकरांपासून मरण लपवतो का? नाही. आजा गेला तं नातवाला दर्शनाला नेतो. पण त्याआधी काय करतो? देहाला आंघोळ घालतो, नवं कापड पांघरतो, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीमाळ. बाजूला भजन चालू असते. लेकरू आईचा हात धरून असते. ते दर्शन आहे. रस्त्यावर जे दिसते ते दर्शन नाही, ती त्या माणसाची अब्रू उघडी पडलेली असते. तो बिचारा आपलं धोतरही सावरू शकत नाही. तं ते कोणी सावरायचं? जवळ उभा असेल त्यानं.

आन् भीतीनं माणूस शहाणा होतो म्हणता, तं सांगा, अपघात पाहून पुढं गेलेला किती कोस गाडी हळू चालवतो? पुढचा टोला येईपर्यंत. लेकराच्या मनात मात्र ते कितीतरी दिवस राहते.

आपल्या संप्रदायाकडं पाहा. ज्ञानोबारायांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली, शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. नामदेवराय तिथं होते, त्यांनी त्या सोहळ्याचे अभंग केले. त्यात भावंडांचा शोक आहे, संतांचं रडणं आहे. निवृत्तिनाथांनी शिळा लावली, आन् तिथं पडदा पडला. पुढं कोणी वाकून पाहिलं नाही. एवढी मर्यादा आपल्या घरातच आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

त्याच समाधी सोहळ्याला जाताना १९ नोव्हेंबर २०१९ ला दिवे घाटात जेसीबी दिंडीत घुसला. नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास गेले, आणखी एक वारकरी गेला. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, कोल्हापूरकडून पंढरीला निघालेल्या दिंडीत कार घुसली. सात वारकरी गेले. म्हणजे बाप्पा, हे दुसऱ्याचं नाही. उद्या आपल्याच टाळकऱ्यावर ही वेळ आली तं आपल्या लेकरांना कोण सावरील? म्हणून शंभराव्या वर्षी दिंडीनं काही गोष्टी ठरवाव्या, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट. आधी जिवंत माणूस, मंग पडदा. एकानं १०८ ला फोन लावायचा, पोलिसांसाठी ११२. ठिकाण नीट सांगायचं: कोणता रस्ता, कोणतं गाव, जवळ शाळा आहे का पूल आहे. निपचित पडला म्हणून तो मेला असं आपण ठरवायचं नाही, ते डॉक्टर ठरवील. त्याच्या तोंडावर दुपट्टा टाकायचा नाही, श्वास चालू असला तं कोंडेल. पाणी पाजायचं नाही, खसाखस ओढायचं नाही. रक्त वाहत असेल तं स्वच्छ कापड दाबून धरायचं.

मदत करायला भिऊ नका. पोलीस मागं लागतील, दवाखान्यात अडकवतील, असं लोक म्हणतात. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ साली मोटार कायद्यातही तसं कलम घातलं. मदत करणाऱ्यानं नाव-पत्ता सांगावाच अशी जबरदस्ती नाही.

दुसरी गोष्ट, रिंगण. रिंगण आपल्याला शिकवावं लागत नाही. पण हे रिंगण उलटं. रिंगणात आपण आत पाहतो, इथं बाहेर पाहायचं. पाठ आत, तोंड बाहेर. आत फक्त मदत करणारे दोघं-तिघं. बाकीच्यांनी दुपट्टे, शेले, पताकेचं कापड, काही असेल ते हातात ताणून आडोसा धरायचा. आतल्याला वारा लागू द्यायचा, गर्दी करायची नाही. आन् हे रस्त्याच्या कडेला. धावत्या गाड्यांसमोर उभं राहायचं नाही, नाहीतर एकाचे दोन अपघात होतात. दोघांनी दोन्हीकडं दूर जाऊन गाड्या हळू करायला सांगायचं.

पाठ आत केली की दोन गोष्टी होतात. पडलेल्याची अब्रू राहते, आन् तुमचा मोबाईलही बाहेरच्या बाजूला राहतो. फोटो काढायचा नाही. कोणी पाठवला तं पुढं पाठवायचा नाही, पुसून टाकायचा. गेलेल्याच्या मायला ती बातमी मोबाईलवरून कळू नये.

तिसरी गोष्ट, लेकरं. दिंडीत लेकरं नेहमी मधल्या रांगेत, गाड्यांच्या बाजूला नाही. काही घडलं तं एका बाईनं लेकरं ताब्यात घ्यायची, तेवढंच तिचं काम. "पाहू नको रे" म्हणून ओरडायचं नाही. ओरडलं की लेकरू आधी तिकडंच पाहते. खांद्याला धरून वळवायचं, जवळ घ्यायचं, झाडाखाली नेऊन बसवायचं, पाणी द्यायचं. त्यानं विचारलं तं थोडक्यात खरं सांगायचं. माझ्यासारखं "झोपले" म्हणायचं नाही. नाही विचारलं तं खोदायचं नाही, पण जवळ राहायचं. महिना झाला तरी रातच्याला दचकते, जेवत नाही, त्या रस्त्यानं जात नाही, तं अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, डॉक्टरला दाखवा. १४४१६ हा सरकारचा फुकटचा नंबर आहे, मनाच्या दुखण्यासाठी. आन् हे मोठ्यांनाही लागू आहे. ज्यानं हातानं उचललं, त्यालाही रातच्याला झोप येत नाही.

एवढंच. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. दुपट्टा प्रत्येकाच्या खांद्यावर आहेच.

माझा नातू आता अकराव्यात आहे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी गावच्या लेकरांना आम्ही हे उलटं रिंगण करून दाखवत होतो, तं तोही येऊन उभा राहिला. म्हणे, "आबाजी, मी दुपट्ट्याचं टोक धरू का?" मी म्हणलं, धर. पाठ आत, तोंड बाहेर. आन् त्याच्याकडं पाहून मलाच वाटलं, दिंडीची पुढची शंभर वर्षं अशीच कोणाच्या तरी हातात जातील.

बोलण्यात काही चुकलं असेल तं लेकरू समजून पोटात घाला.

रामकृष्णहरी!