ऊनोदरी : रोजचे तप



चाळीस वर्षे गादीवर बसून मी इतरांसाठी कापड मोजले. स्वतःच्या कमरेला मात्र मधुमेहाचे निदान झाले त्या दिवशीच टेप लावली. ती १०४ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

पर्युषणात आपण उपवास करतो. पारण्यानंतर मात्र वर्षभर आकंठ भोजन! सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी येते. भूक थोडी शिल्लक ठेवून उठण्याचे हे तप रोज करता येते.

मी तीन नियम केले. सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकू नये म्हणून डबा दुकानातच मागवतो. ताटात निम्मी भाजी-कोशिंबीर, सोबत वरण आणि ज्वारीची एकच भाकरी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे. दीड वर्षात नऊ किलो उतरले. यंदा कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणभूमीत, कुंथलगिरीवर, मी कुठेही न बसता चढलो.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

तरुण व्यापारी बंधूंनो, माझ्यासारखी निदानाची वाट पाहू नका. रोजमेळ रोज लिहिला तरच दिवाळीला ताळेबंद जुळतो. देहाचा हिशेबही तसाच आहे.

जय जिनेंद्र!