दोन चित्रपट आणि एक हजेरीपट



चित्रपटाचे शास्त्र मी जाणत नाही. मी तिकीट काढून बसणारा प्रेक्षक. आयुष्य गेले कामगारांचे हजेरीपट वाचण्यात. त्याच नजरेने अलीकडे पाहिलेल्या दोन चित्रपटांविषयी बोलतो.

पहिला नंदिता दास यांचा, २०२३ साली प्रदर्शित झालेला ‘झ्विगाटो’. भुवनेश्वरचा मानस कारखान्यातील नोकरी गेल्यावर घरोघर जेवण पोचवितो. त्याचा मुकादम म्हणजे मोबाइल. गिऱ्हाईक देईल ते तारे हीच त्याची पत. तक्रार ऐकायला समोर माणूसच नाही! एरवी हसविणारे कपिल शर्मा येथे गप्प राहून बोलतात. चित्रपट मात्र अधूनमधून व्याख्यान देऊ लागतो, आणि ते काम तर आमचे आहे.

दुसरा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ‘ग्रां प्री’ मिळाले. छाया कदम यांची पार्वती मुंबईतल्या इस्पितळात स्वयंपाक करते. तिचे घर बिल्डर पाडणार, आणि तेथे राहिल्याचा कागद तिच्यापाशी नाही. अखेर ती कोकणातल्या गावी परतते. चित्रपट संथ आहे, पण मला ते खटकले नाही. थकलेला माणूस सावकाशच चालतो.

दोघांचे दुःख एकच. दोघांनी शहर चालविले, पण शहराच्या वहीत त्यांची नोंद नाही. चित्रपट त्यांची साक्ष देऊ शकतो. वहीत नाव चढविण्याचे काम थेटराबाहेरचे. ते तुमचे-आमचे आहे.