धातूचे गाणे आणि हाताचा दाम



भंडाऱ्यात बँड म्हटला की वरात आठवते आणि धातू म्हटला की पितळेची भांडी. आज आम्ही बोलणार आहोत ते ‘हेवी मेटल’, म्हणजे जड धातू, असे नाव धारण करणाऱ्या संगीताविषयी. विडी कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय, असे आपणांस वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. युनियनच्या कचेरीत येणाऱ्या एका तरुणाने ते मोबाइलवर ऐकवले, तेव्हा आम्ही कानांवर हात ठेवले. पुढे त्याचा इतिहास वाचला, तर तो थेट कारखान्याच्या दारात जाऊन पोचला.

1965 साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराची दोन बोटे यंत्रात सापडली आणि त्यांची टोके तुटली. गिटारच्या तारा ज्या हाताने दाबायच्या, नेमका तोच हात. पोराने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चढवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण उतरवून स्वरही खाली आणला. 1970 साली त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम निघाला. ज्या जड, खर्जातल्या आवाजाला जग हेवी मेटल म्हणू लागले, त्यात या जखमी हाताचा वाटा मोठा आहे.

तो आवाज आपल्या मुंबईतही रुजला. 2000 साली साहिल मखीजा याने तेथे ‘डेमोनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला. सोबती बदलत गेले, तरी त्याने चिकाटी सोडली नाही, आणि 2017 साली या मुरलेल्या बँडचा नवा अल्बम आला. त्याचे नाव ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी. शब्द इंग्रजी, गळा गुरगुरणारा. त्यात बुद्धालाही अवतारांत बसवले आहे. ते आम्हांला मान्य नाही, आणि दीक्षाभूमीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या श्रोत्यांना त्याचे कारण सांगावयास नको. पण कोकणात रात्रभर चालणारा दशावतार आणि आपल्या झाडीपट्टीत मंडईला रंगणारी दंडार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा खटाटोप अगदीच परका वाटणार नाही. जुनी कथा, मोठा आवाज आणि समोर जागे बसलेले लोक, एवढे तरी सारखेच आहे.

हाच मखीजा यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ या नावाने स्वयंपाक शिकवतो. त्यात कमीपणा मुळीच नाही. पण नुसत्या अशा गाण्यावर संसार चालवणे आपल्या देशात फार कठीण आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

आमच्या विडीचा हिशेब हजारावर चालतो. हजार विड्यांमागे मजुरी, आणि मालकाच्या माणसाला न पटलेल्या विड्यांची छाट. या छाटीचे तंटे इतके झाले, की 1966 च्या विडी कामगार कायद्यात त्यांच्या निवाड्याची तरतूद करावी लागली. आता गाण्यालाही हजाराचे माप लागले आहे. वर्षभरात हजार वेळा ऐकले न गेलेले गाणे मोबदल्यास पात्र नाही, असा नियम स्पॉटिफाय कंपनीने 2024 साली लागू केला. नऊशे वेळा ऐकले गेलेले गाणे छाटीत गेले! विडीच्या छाटीवर भांडावयास युनियन तरी होती.

आणि नाव झाले म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. 2013 साली ब्लॅक सॅबथने ‘13’ हा नवा अल्बम काढला. तो इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. पण मूळच्या चौघांपैकी तिघेच त्यात होते. ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड बाहेर राहिला. सही करण्याजोगा करार मिळाला तर येईन, असे त्याचे म्हणणे होते. गायक ऑझी ऑस्बर्न याने पुढे वॉर्डच्या प्रकृतीचे कारण सांगितले. निवाडा करणारे आम्ही कोण? परंतु तंटे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. बरोबरीने कामाला लागलेली माणसे उतारवयात कागदावरून फुटतात, तेव्हा नफ्याच्या आकड्याने ती जखम भरत नाही. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर चौघे पुन्हा एकत्र वाजले. 22 जुलैला ऑझी वारला. समेटाच्या वाट्याला सतरा दिवस आले.

म्हणून आमची विनंती मोठी नाही. हे संगीत आपणांस आवडलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. आम्हांलाही ते थोडथोडेच झेपते. पण येत्या मंडईला आपण दंडार किंवा नाटक बोलवाल, तेव्हा ठरलेली रक्कम ढोलकीवाल्याला आणि पेटीवाल्यालाही ठाऊक आहे काय, एवढे विचारा. टाळी आपण मनापासून देताच. ज्या हातांसाठी ती वाजते, त्यांचा दामही त्यांच्यापर्यंत पोचू द्या.