ब्रूसचे डोळे काळे होतात तेव्हा

पिक्सारचा २००३ सालचा ‘फाइंडिंग नीमो’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला ब्रूस आठवतो? मासे खायचं सोडून देण्याची शपथ घेतलेला तो अजस्र पांढरा शार्क. इतका गप्पिष्ट शार्क कुठल्याच समुद्रात नाही, तरीही तो आपल्याला खरा वाटतो. असं का होतं, ते आज पाहू.

व्यंगपात्र म्हटलं की आपलं लक्ष आधी चेहऱ्याकडे जातं. शार्कचं व्यक्तिमत्त्व मात्र त्याच्या धडात असतं. त्याला मान नसते, त्यामुळे वळून बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागतं. त्याची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. वरखाली हलणारी आडवी शेपटी देवमाशाची. चित्रकाराने इथे गफलत केली, तर कारण सांगता आलं नाही तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकतंच. ‘नीमो’च्या वेळी माशांच्या शरीररचनेचे अभ्यासक अ‍ॅडम समर्स यांनी पिक्सारच्या कलाकारांना माशांच्या हालचाली समजावून दिल्या होत्या. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हसवणारं पात्र काढायचं, म्हणून अभ्यास कमी करून चालत नाही.

जबड्याचंच बघा. शार्कचा वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला नसतो. चावा घेताना नाकाड वर उचललं जातं आणि वरचा जबडा दातांसकट पुढे सरकतो. अशी हालचाल निसर्गानेच तयार ठेवली असताना चित्रकाराने नुसतं तोंड उघडून मिटवावं, हे मला पटत नाही.

शार्कचं शरीर बाजूला ठेवलं की काय होतं, तेही पाहा. हॅना-बार्बेरा या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने १९७६ मध्ये ‘जॅबरजॉ’ नावाचा ड्रम वाजवणारा शार्क आणला. त्यात धमाल आहे, पण परांचे हात झाले की तो शार्कच्या रूपातला माणूस होतो. त्याची भीती वाटत नाही.

ब्रूसलाही सवलती दिल्या आहेतच. बोलण्यासाठी हलते ओठ आहेत, भाव दिसावेत म्हणून डोळ्यांत पांढरा भाग आणि बुबुळं आहेत. पण डोरी नावाच्या माशाच्या रक्ताचा वास त्याच्या नाकात शिरतो तो क्षण पाहा. त्याचे डोळे काळेभोर होतात. खऱ्या पांढऱ्या शार्कचे डोळे असेच गडद असतात. चित्रकाराने दिलेली सवलत त्या क्षणी काढून घेतली आणि आतला प्राणी समोर आला! बाकीचं शरीर आधीपासून शार्कचंच होतं, म्हणून एवढा एक बदल पुरला. शरीरच खोटं असतं, तर काळ्या डोळ्यांनी काहीही साधलं नसतं.

तुम्हाला असं पात्र काढून पाहायचं असेल, तर आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीबाजारात जा. तिथे मिळणारी मुशी म्हणजे लहान शार्कच. कोळीणमावशींना विचारून ती हातात घ्या. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर खरखरीत. कल्ल्यांच्या फटी मोजा, प्रत्येक बाजूला पाच भरतील. तोंड नाकाडाच्या किती खाली आणि मागे आहे तेही बघून ठेवा. मग घरी येऊन कागदावर आधी धड काढा, मग पर, मग त्या फटी. डोळे अगदी शेवटी.