मोठीं चाकें आणि आंसाचें त्रैराशिक

अमेरिकेंत पिकअप, म्हणजे उघड्या पाठीची लहान मालमोटार, बाळगणाऱ्यांना मोठे टायर बसविण्याची हौस फार. टायर उंच झाला कीं गाडीचें पोट जमिनीपासून वर उचललें जातें आणि दगडधोंड्यांची वाट सुकर होते, हें खरेंच. परंतु या हौसेचा भार एंजिनावर पडतो.

मागील आंसाच्या पेटींत दोन दांतेरी चक्रें असतात. एंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकास लहान पिनियन, आणि त्याच्याशीं जुळलेलें आंसावरचें मोठें कडें. पिनियनास ११ व कड्यास ४१ दांते असल्यास दांड्याचे ३.७३ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. हा आंकडा जितका मोठा, तितका चाकाचा रेटा अधिक आणि एंजिनाचे फेरेही अधिक.

आतां ३१ इंची टायर काढून ३५ इंची बसविला, तर प्रत्येक फेऱ्यांत गाडी अष्टमांशाहून किंचित् अधिक पुढें जाते. हें वाढीव अंतर फुकटचें नव्हे. त्याच मानानें रेटा घटतो. जणूं कोणी न विचारतां ३.७३ चे ३.३० करून ठेवले ! सरळ गिअरमध्यें ताशीं ६० मैलांस एंजिनाचे मिनिटाला सुमारें २,४२५ फेरे होत, ते २,१५० वर येतात. कित्येकांस ही काटकसर वाटते, आणि सपाटीवर ती थोडी असेलही. परंतु कोलोरॅडोंतील आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा महामार्ग ११,००० फुटांवर चढतो. चढ कांहीं ठिकाणीं शेंकडा सात. तेथें हवा इतकी विरळ कीं साध्या एंजिनाचा जोर पाव हिश्श्याहून अधिक ओसरतो. पाठीवर ओझें असेल तर स्वयंचलित गिअरपेटीला वरचा गिअर धरवत नाहीं. तिची सारखी चाळवाचाळव चालते, तेल तापतें, आणि तापलेल्या तेलानें पेटी कायमची निकामी होऊं शकते.

उपाय शाळेंतल्या त्रैराशिकाचा. ३.७३ ला ३५ नें गुणून ३१ नें भागावें, उत्तर ४.२१. पण दांते अपूर्णांकांत पाडतां येत नाहींत. ४१ दांत्यांच्या कड्याशीं १० दांत्यांचा पिनियन जुळविला तर ४.१०, नऊ दांत्यांचा जुळविला तर ४.५६, निवड बहुधा या दोहोंत. ४.१० अधिक जवळचें खरें, परंतु त्रैराशिकाला टायरचें वजन दिसत नाहीं. मोठा टायर जड, त्याचें बरेंच वजन परिघाशीं. उंच गाडीला वाराही अधिक अडवितो. म्हणून ओझें ओढणाऱ्यानें किंवा डोंगरांत राहणाऱ्यानें ४.५६ घ्यावें. फेरे २,६२५ पर्यंत जातील. पण सरळ गिअराच्या वर आणखी एक-दोन गिअर असलेल्या गाडीस ते जड नाहीं. रिकाम्या गाडीनें सपाटीवर लांब हिंडणाऱ्यास ४.१० पुरे.

चारही चाकें ओढणारी गाडी असल्यास पुढचा आंसही बदलावाच लागतो. मागें ४.५६ आणि पुढें ३.७३ ठेवून चारही चाकें जोडलीं, तर कोरड्या पक्क्या रस्त्यावर टायर घासतात, दांडे पिळले जातात आणि शेवटीं कांहींतरी तुटतें. खर्च वांचविण्याची ही जागा नव्हे. बसविण्याचें कामही कुशल मिस्त्रीचेंच. दांत्यांतील मोकळीक इंचाच्या हजारांश भागांत मोजावी लागते.

वेग दाखविणारा कांटाही नव्यानें जुळवून घ्यावा लागतो. नुसते टायर बदलून बाकी सारें तसेंच ठेवणाऱ्याचा कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी ताशीं जवळजवळ ६८ मैलांनीं धांवत असते, आणि ब्रेक मात्र जुन्या, लहान टायरांच्या हिशेबाचेच असतात.