सलाफहादाच्या मुली आणि आपला महिला दिन

(रविवार, ८ मार्च २०२६ रोजी उपासनेनंतर झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



आजच्या मनोगतासाठी मी गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय घेतला आहे. महिला दिनाला आपण सहसा रूथ, एस्तेर किंवा मरीया यांच्याविषयी ऐकतो. आज ज्या पाच बहिणींबद्दल बोलायचे आहे, त्यांची नावे आपल्यापैकी फार थोड्यांच्या मुलींना ठेवलेली असतील. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या सलाफहादाच्या मुली.

प्रसंग असा आहे. इस्राएल लोक चाळीस वर्षांच्या भटकंतीनंतर मवाबाच्या मैदानात येऊन थांबले होते. शिरगणती झाली होती आणि आता तिच्याप्रमाणे जमिनीची वाटणी व्हायची होती. ज्या घरात पुरुष, त्या घराला वाटा. सलाफहाद रानात वारला होता, त्याला मुलगा नव्हता. म्हणजे त्याच्या घराला काहीच मिळणार नव्हते. तेव्हा या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी आल्या. तिथे मोशे होता, एलाजार याजक होता, सरदार होते, सगळी मंडळी होती. त्या सर्वांसमोर उभ्या राहून त्यांनी विचारले, आमच्या बापाला मुलगा नाही एवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का पुसून जावे? आम्हाला चुलत्यांबरोबर जमिनीचा वाटा द्या.

मोशेने हे प्रकरण देवापुढे मांडले आणि देवाने सांगितले की या मुलींचे म्हणणे योग्य आहे. एवढ्यावर ते थांबले नाही. त्यांच्यामुळे सगळ्या इस्राएलासाठी नियम झाला, की मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे जावा. मुलगा असताना मुलीला काय, हा प्रश्न त्या नियमाने सोडवला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी एक दार उघडले. पवित्र शास्त्रात या पाचही जणींची नावे एकदा नव्हे, चार ठिकाणी लिहिलेली आहेत.

या प्रसंगातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्या एकट्यादुकट्या गेल्या नाहीत, पाचही जणी मिळून गेल्या. त्या घराच्या ओट्यावर कुरकुरत बसल्या नाहीत, सभेसमोर गेल्या. आणि त्यांनी दया मागितली नाही, जमीन मागितली. महिला दिन कसा असावा असे मला कुणी विचारले, तर मी याच तीन गोष्टी सांगेन.

आपण महिला दिन कसा करतो? व्यासपीठ सजवतो, पाच-सात जणींना शाल, साडी आणि नारळ देतो, संगीतखुर्ची होते, फोटो निघतात. यात वाईट काही नाही. वर्षभर राबणाऱ्या बाईला एक दिवस हसायला मिळाले तर ते हवेच आहे. पण हा दिवस सत्कारातून जन्मलेला नाही. १९१० साली कोपनहेगन येथे निरनिराळ्या देशांतल्या कष्टकरी बायांच्या प्रतिनिधी जमल्या होत्या. तिथे क्लारा झेटकिन यांनी सुचवले की सर्व देशांतल्या बायांनी मिळून वर्षातला एक दिवस आपल्या मागण्यांसाठी पाळावा. पुढच्याच वर्षी जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये तो पाळला गेला. मतदानाचा हक्क आणि कामाच्या ठिकाणी न्याय, या मागण्या होत्या. १९१७ साली रशियात पेत्रोग्राडच्या बाया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, तो दिवस ८ मार्च होता. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७५ हे महिला वर्ष म्हणून पाळले आणि १९७७ साली या दिवसाला मान्यता दिली.

कुणी म्हणेल, हे तर चळवळीतल्या लोकांचे, आपल्या मंडळीचा याच्याशी काय संबंध? म्हणून परवाच्या शुक्रवारची आठवण करून देतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आपण जागतिक प्रार्थना दिन पाळला. त्याची सुरुवात १८८७ साली अमेरिकेतल्या मंडळ्यांमधल्या बायांनी केली आणि १९२७ पासून तो जगभर पाळला जातो. दरवर्षी एका देशाच्या भगिनी उपासना तयार करतात. यंदा ती नायजेरियाच्या भगिनींनी केली होती. थकल्याभागल्यांना विसावा देण्याचे प्रभूचे वचन त्यांनी निवडले. डोक्यावर ओझे वाहणे म्हणजे काय, हे आपल्या पाड्यांवरच्या बायांना समजावून सांगावे लागले नाही. या प्रार्थना दिनाचे सूत्रच असे आहे की आधी माहिती घ्यायची, मग प्रार्थना करायची आणि मग त्या प्रार्थनेप्रमाणे वागायचे.

त्याच १८८७ साली पंडिता रमाबाई अमेरिकेत गावोगावी फिरून हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती सांगत होत्या. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली, ठिकठिकाणी रमाबाई मंडळे निघाली. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. पैसे देणाऱ्या बहुतेक बायांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही. जिला आपण कधी भेटणार नाही, तिचे दुःख आपले मानणे, यालाच भगिनीभाव म्हणतात. आपल्या कामाला दुरून मदत करणाऱ्या तुम्हा सर्वांना हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट. १९७२ साली देसाईगंज येथे, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका अनाथ आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा त्या निकालाचा सूर होता. पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, मजुरी करणारी एक अल्पवयीन पोर. तिने विरोध कसा करायचा होता?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबई, दिल्ली आणि इतर शहरांत बाया रस्त्यावर आल्या. शिकलेल्या बाया, गिरणीतल्या बाया, वस्तीतल्या बाया. त्यांच्यापैकी बहुतेकींनी त्या मुलीला कधी पाहिले नव्हते. तिच्या खटल्याचा निकाल काही बदलला नाही. पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी आणि कडक शिक्षा आली. अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते आधी खरे धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला. तिचे नाव मीही म्हणूनच घेत नाही. या देशातल्या प्रत्येक बाईला त्या कायद्याची सावली मिळाली आणि ती एका आदिवासी मुलीच्या दुःखातून मिळाली.

पण कायदा झाला म्हणजे तो आपल्या पायांनी पाड्यावर चालत येत नाही. तो आणावा लागतो. म्हणून आता आपल्याकडचे बोलू.

आज या मेळाव्याला कितीतरी जणी आलेल्या नाहीत. मार्च महिना आहे, घरांना कुलपे आहेत, त्या सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला आहेत. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादम नवऱ्याच्या हाती देतो, हिशोब त्याच्या नावाने होतो. पहाटे उठून स्वयंपाक करणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी आणि रात्री लेकरू पाजणारी, तिचे नाव त्या वहीत नाही. दोन माणसे राबतात आणि नाव एकाचे लागते.

जमिनीचेही तेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की विवाहित व्यक्तीचा पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावे हवा. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. हे कुणाच्या उपकाराने मिळालेले नाही, कायद्यात आहे. तरीही कितीतरी जणींनी आपल्या घरचा पट्टा हातात घेऊन पाहिलेला नसतो. तो पत्र्याच्या पेटीत असतो आणि पेटीची किल्ली दुसऱ्याकडे.

आमच्या कामातल्या एका पाड्यावर अशीच एक विधवा ताई आहे. पट्टा फक्त नवऱ्याच्या नावे होता. तो वारला, पदरात दोन मुली. दीर म्हणाला, भावाला मुलगा नाही, जमीन आता माझी. सलाफहादाची गोष्ट शब्दशः तशीच! ती एकटी होती तोवर गप्प राहिली. मग बचत गटाच्या अकरा जणी तिच्याबरोबर ग्रामसभेला गेल्या. एक वडीलधारे काका म्हणाले, पोरींना जमीन दिली तर ती परक्या कुळात जाईल. तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "आम्ही सगळ्या परक्या कुळातूनच आलो ना? तुमच्या जमिनी इतकी वर्षे कुणी कसल्या?" सभा हसली, पण नंतर गप्पही झाली. तिच्या बाजूने ठराव झाला. कागदावर तिचे नाव अजून चढलेले नाही, अर्ज वर गेलेला आहे. पण मागच्या पावसाळ्यात त्या शेतात पेरणी तिनेच केली.

त्या काकांना मी दोष देत नाही. आदिवासींची जमीन इतक्या वाटांनी गेलेली आहे की ती भीती खोटी म्हणता येत नाही. गंमत अशी, की हाच मुद्दा गणनेच्या शेवटच्या, छत्तिसाव्या अध्यायात आहे. मनश्शेच्या कुळातले वडील मोशेकडे आले आणि म्हणाले, या मुली दुसऱ्या वंशात लग्न करतील तर जमीन आमच्या हातून जाईल. तेव्हा त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरले. त्या अटीचा भार मुलींवरच पडला, हे खरे. पण त्या भीतीपोटी कुणी त्यांची जमीन काढून घेतली नाही. आपणही हेच म्हणतो. जमीन जमातीबाहेर जाऊ नये यासाठी कायदे आहेत, ते वापरा, आणखी उपाय शोधा. मात्र त्या राखणीची किंमत विधवेने आणि मुलींनी उपाशी राहून चुकवायची, हे चालणार नाही. वनहक्काची जमीन तर विकताही येत नाही, ती फक्त वारसाकडे जाते.

आणि शहरातल्या मंडळ्यांमधून आलेल्या बंधूंनो, हा प्रश्न फक्त पाड्यांचा नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती घरातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तरी लग्न झालेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि तिने नाही म्हटले तर नाताळला तिला बोलावणे जात नाही. हे कुठे घडते हे मी सांगण्याची गरज नाही. पाड्यावरच्या ताईसाठी प्रार्थना करताना आपल्या घरचे कागदही एकदा काढून पाहावेत.

शेवटी कामाचे बोलतो. या वर्षी तीन गोष्टी करायच्या आहेत. पहिली, येत्या महिन्यात प्रत्येक महिला मंडळाने एक दिवस कागद वाचण्यासाठी ठेवावा. प्रत्येकीने पट्टा, सातबारा, रेशनकार्ड, पासबुक घेऊन यावे. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचून दाखवावे की कुठे तिचे नाव आहे आणि कुठे नाही. दुसरी, ऊसतोडीला गेलेल्या बहिणी परत आल्या की त्यांच्यासाठी पुन्हा मेळावा घ्यायचा. त्यांना वगळून झालेला महिला दिन अर्धाच झाला. तिसरी, १ मे च्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. ती कागदावर होऊ देऊ नका, खरोखर भरवा. ज्यांचे नाव पट्ट्यावर नाही, त्यांची यादी करून ती ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून मांडा. एकटीला पाठवू नका.

मदत करणाऱ्या बंधुभगिनींना विनंती अशी, की या कामाला प्रवासखर्च लागतो, झेरॉक्स लागते, तालुक्याला खेपा घालाव्या लागतात आणि कायदा जाणणारी माणसे लागतात. तुमच्यात कुणी वकील असाल, तलाठी कार्यालयातून निवृत्त झाला असाल, तर वर्षातले चार दिवस आम्हाला द्या.

त्या पाच बहिणी गेल्या तेव्हा उत्तर काय मिळेल हे त्यांना माहीत नव्हते. तरी त्या गेल्या, आणि मिळून गेल्या. आपणही जाऊ. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.