घोड्याच्या अंगावरचे गोचीड



गोचीड म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गाय-म्हैस उभी राहते. घोड्यालाही गोचीड लागतात हे सर्वांना ठाऊक असते. पण ‘जनावर म्हटले की गोचीड आलाच’ असे म्हणून आपण तो विषय तेथेच सोडून देतो. आज मी तुमच्याशी नेमके ह्याच सोडून दिलेल्या विषयावर बोलणार आहे.

हल्ली खेड्यात घोडे कमी झाले हे खरे. पण ज्या घरी घोडा उरला आहे, त्या घरी तो बहुधा हौसेसाठी नाही, पोटासाठी आहे. माथेरानला जा. खाजगी मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात आणि तेथून पुढे माणसे आणि सामान आजही घोड्यावरून जाताना दिसते. महाबळेश्वर-पाचगणीला प्रवाशांना फेरी मारून आणणारे घोडे आहेत. लग्नसराईत वरातीच्या घोड्यावर एकेका कुटुंबाची काही महिन्यांची बेगमी होते. आणि मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणारा आपला धनगर बांधव! त्याची भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, नुकती जन्मलेली कोकरे, सारे बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असते. अशा घरचा घोडा आठ दिवस आडवा झाला तर घरची चूलही थंडावते. म्हणून ह्या बारीकशा जिवाकडे लक्ष दिले पाहिजे.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. गोचीड हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय असतात, वाढलेल्या गोचिडाला आठ. तो कोळ्याच्या आणि विंचवाच्या नात्यातला. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचिडाची मादी थेट एरंडाच्या बीसारखी दिसते. हे साम्य जुन्या रोमन लोकांच्याही नजरेत भरले होते. त्यांच्या लॅटिन भाषेत गोचिडाला ‘रिसिनस’ म्हणत, आणि एरंडाचे शास्त्रीय नाव आजही ‘रिसिनस’ हेच आहे!

ही फुगलेली मादी काय करते? ती घोड्याच्या अंगावरून आपणहून गळून पडते. तबेल्याच्या भिंतीची भेग, दगडांची सांध, गव्हाणीखालची माती अशी अंधारी जागा गाठते, तेथे हजारो अंडी घालते आणि मरून जाते. अंड्यांतून मोहरीहूनही बारीक पिल्ले निघतात. त्यांना मात्र पायांच्या तीनच जोड्या असतात. ही पिल्ले गवताच्या काडीवर चढून किंवा भेगेत दबा धरून जनावराची वाट पाहतात. रक्त प्यायचे, कात टाकायची, पुन्हा रक्त प्यायचे, असे करीत ती मोठी होतात. काही जातींचे गोचीड हे सारे एकाच जनावराच्या अंगावर उरकतात. पण आपल्याकडे घोड्यांवर पुष्कळदा आढळणारा ‘हायालोम्मा’ जातीचा गोचीड तसा नाही. तो मधून मधून खाली उतरतो, भेगेत राहतो, कात टाकतो आणि पुन्हा नवे जनावर गाठतो. उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरण्याची ताकद त्याच्या अंगी असते.

ह्यातून एक गोष्ट ध्यानात येईल, आणि आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट तीच आहे. घोड्याच्या अंगावर आपल्याला जे दहा-वीस गोचीड दिसतात, ते गोचिडांच्या साऱ्या खटल्यातले थोडेसे होत. उरलेले भिंतीत, मातीत, गवतात आहेत. तेव्हा नुसता घोडा साफ करून भागत नाही; घोड्याची जागा साफ केली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, थोडे रक्त प्याले तर एवढे काय बिघडले? रक्त जाते ते जातेच. पुष्कळ गोचीड झाले तर घोडा अशक्त होतो, जखमा चिघळतात, माश्या बसतात, आसडी पडतात. पण खरा धोका गोचिडाच्या लाळेतून येतो. तिच्यातून अतिसूक्ष्म जंतू घोड्याच्या रक्तात शिरतात आणि तांबड्या रक्तपेशी फोडून टाकतात. ह्या जंतूंच्या दोन जाती आहेत, एक थायलेरिया आणि दुसरी बाबेसिया. घोडा चंदी खात नाही, मान खाली घालून उभा राहतो, ताप चढतो. निरोगी मोठ्या घोड्याचे अंग सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते; ह्या रोगात ते १०४ अंशांवर जाते. हिरड्या आणि पापणीच्या आतला भाग प्रथम फिका पडतो, मग पिवळा दिसू लागतो. कधी लघवी तांबडी किंवा काळपट होते, कधी पाय सुजतात. अशा घोड्याला ‘अंग मोडून आले असेल’ म्हणून कामाला जुंपणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

शिवाय बरा झालेला घोडा पुष्कळदा पुरता बरा झालेला नसतो. थायलेरियाचा जंतू तर बहुधा जन्मभर रक्तात दडून राहतो. ओझे फार झाले, लांबचा प्रवास घडला, उपासमार झाली की रोग पुन्हा डोके वर काढतो. आणि त्याचे रक्त प्यालेला गोचीड दुसऱ्या घोड्याला रोग देतो. ह्या रोगावर लस नाही. इंजेक्शने आहेत, पण त्यांनीही कधी कधी घोड्याला लाळ गळणे, पोटात कळा येणे असा त्रास होतो. म्हणून ती डॉक्टरांनीच, रक्त तपासून द्यावयाची असतात.

गोचिडामुळे रोग होतो हे माणसाला कसे कळले, ही हकीकत शिक्षक मित्रांनी वर्गात अवश्य सांगावी. अमेरिकेत दक्षिणेकडची गुरे उत्तरेकडे नेली की उत्तरेकडची गुरे तापाने पटापट मरत. दक्षिणेकडची मात्र धडधाकट दिसत. टेक्सासातले गुराखी म्हणत, ‘हे गोचिडाचे काम आहे.’ शिकलेल्यांपैकी पुष्कळांना ते खरे वाटेना. मग थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न ह्या दोघांनी १८८९ पासून साधेच पण नमुनेदार प्रयोग केले. एका कुरणात गोचीड असलेली दक्षिणी गुरे आणि उत्तरेकडची गुरे एकत्र ठेवली. उत्तरेकडची आजारी पडली. दुसऱ्या कुरणात दक्षिणी गुरांच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढले आणि मग ती गुरे सोडली. कोणी आजारी पडले नाही. तिसऱ्या कुरणात दक्षिणी गुरे नव्हतीच; जमिनीवर नुसते गोचीड पसरले होते. तेथे गुरे आजारी पडली! १८९३ साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले. रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ साली, म्हणजे ह्यानंतर चार वर्षांनी.

ह्या प्रयोगात आपल्याला दोन धडे मिळतात. हाताने वेचलेल्या गोचिडानेही रोग टळतो, हा पहिला. आणि जनावर नसले तरी जमिनीवरचा गोचीड रोग देतो, हा दुसरा.

आता करावयाचे काय ते सांगतो.

पहिले काम रोजच्या खराऱ्याचे. आपले जुने मोतद्दार घोड्याला रोज खरारा करीत, तो काही केवळ अंगाला झळाळी यावी म्हणून नव्हे. बहुतेक रोगांचा जंतू गोचीड चिकटल्या क्षणीच अंगात जात नाही, त्याला काही काळ लागतो. रोज हात फिरला तर तो काळ गोचिडाला मिळत नाही. नुसती पाठ घासू नका. कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, जबड्याखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, जांघेत, कासेजवळ आणि शेपटीच्या बुडाशी बोटांनी चाचपून पाहा. गोचीड दडतो तो तेथे.

दुसरे काम तो काढण्याचे. चिमट्याने त्याला कातड्यालगत, तोंडाजवळ धरावे आणि सरळ, सावकाश ओढावे. पिळू नये, हिसका देऊ नये. जागेवर आयोडीन लावावे. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटात टाकावा. रॉकेल ओतणे, बिडीने चटका देणे हे प्रकार अगदी बंद करावेत. त्यांनी घोड्याचे कातडे पोळते, आणि डिवचलेला गोचीड पोटातले आणखी घोड्याच्या अंगात सोडण्याची भीती असते. गोचीड नखाने किंवा दगडाने चिरडूही नये. २०११ साली गुजरातेत क्रायमियन-काँगो ताप ह्या भयंकर रोगाने माणसे दगावली. तो रोग हायालोम्मा जातीच्याच गोचिडापासून येतो, आणि गोचीड चिरडताना हाताला लागलेल्या रक्तातूनही माणसाला होऊ शकतो. म्हणून हातात मोजे घाला, निदान जाड फडके तरी गुंडाळा, आणि मागून साबणाने हात धुवा.

तिसरे काम तबेल्याचे. भिंतींच्या भेगा बुजवा, गिलावा करा, चुना द्या. गव्हाणीखाली हात घालून पाहा. लिदीचा ढीग तबेल्यापासून दूर ठेवा. भोवतालचे गवत कापा. फवाऱ्याचे औषध वापरावयाचे तर भेगांतही मारले पाहिजे, आणि ते पुन्हा ठरल्या दिवशी मारले पाहिजे. कारण अंडी औषधाने सहसा मरत नाहीत, मागाहून फुटतात. अंगणात कोंबड्या असल्या तर त्या गोचीड टिपून खातात, पण औषध फवारल्यावर त्यांना काही दिवस तिकडे फिरकू देऊ नका. आणि शक्य असेल तर घोडा व गुरे एकाच दावणीला बांधू नका. गुरांचा गोचीड-ताप घोड्याला होत नाही हे खरे, पण गोचीड मात्र दोघांमध्ये सर्रास ये-जा करतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. गाई-म्हशींसाठी आणलेले गोचिडांचे औषध घरात असते. ‘उरलेच आहे, घोड्यालाही लावू’ असे सहज मनात येते. हे करू नका! गुरांच्या पुष्कळ औषधांत अमिट्राझ नावाचे द्रव्य असते. ते गाईला चालते, घोड्याला चालत नाही. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडते, पोटशूळ उठतो. त्यात घोडा दगावूही शकतो. म्हणून बाटलीवरचे नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. घोड्यासाठी निराळी औषधे आहेत. कोणते, किती पाण्यात, किती दिवसांनी हे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. ते सांगतील त्याहून पातळ करू नका. पातळ औषधाने दुबळे गोचीड तेवढे मरतात, चिवट उरतात, आणि मग त्यांच्या पिढीला ते औषध लागूच पडत नाही.

आता बाजाराविषयी दोन शब्द. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. निरनिराळ्या प्रांतांतले घोडे तेथे येतात. आपण घोड्याची चाल पाहतो, रंग पाहतो, भोवरे पाहतो, दात मोजतो. त्याबरोबर त्याचे कानही आतून पाहा. नवा घोडा घरी आणल्यावर त्याला काही दिवस वेगळा बांधा, गोचीड पुरते काढा, आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. मगच तो जुन्या घोड्यांत मिसळू द्या. घोड्यांच्या रोगांच्या अभ्यासासाठी हरियाणात हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तेथे ह्या रोगावरही काम झालेले आहे. म्हणजे विद्या आहे. ती तबेल्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

ती पोहोचवण्याचे काम, शिक्षक मित्रांनो, तुमच्याइतके चांगले कोणाला साधेल? स्पिरिट भरलेली एक बाटली वर्गात ठेवा, मोठ्या माणसाने चिमट्याने काढलेले दोन-चार गोचीड तिच्यात असू द्या, आणि मुलांना भिंगातून त्यांचे पाय मोजू द्या. मुलांनी मात्र हाताने गोचीड काढू नयेत. सहा पायांचे पिल्लू आणि आठ पायांचा गोचीड ज्या मुलाने स्वतः पाहिला, तो घरी जाऊन बापाला सांगेल, ‘बाबा, भिंतीची भेग बुजवली पाहिजे.’

आणि घोडेवाल्या बंधूंनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. ‘गोचिडासारखा चिकटला’ असे आपण चिवट माणसाला म्हणतो. ह्या बाबतीत आपणही थोडे चिवट झाले पाहिजे. एक दिवस मोठी मोहीम काढून गोचीड जात नाही. रोज संध्याकाळी खोगीर उतरल्यावर पाव तास कानांपासून शेपटीपर्यंत हात फिरवा. दिवसभर त्याने तुमचे ओझे वाहिलेले असते; एवढे त्याचे देणे आपण लागतोच.